जुनी वेगवान गाडी दुरुस्तीला उघडली आहे, तर सस्पेन्शनही सुधारून घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीस-तीस वर्षांपूर्वी जिच्या नुसत्या नावाने कान टवकारले जायचे, अशी गाडी हातात आली की काही महिन्यांत ती जॅकवर चढतेच. मग एकातून दुसरं काम निघतं. इथले बरेचसे प्रश्न मला लोकांनी विचारलेत, काही मी गाडीखाली पडल्या पडल्या स्वतःलाच विचारलेत.

गाडी उघडलीच आहे. मग सस्पेन्शन आत्ताच बदललेलं बरं ना?

काय उघडलंय त्यावर आहे. बॉल जॉइंट (चाकाकडचा फिरता सांधा) गेला म्हणून लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) उतरवला असेल, तर त्याच आर्मचे बुश (सांध्यातली रबरी नळकांडी) जुनेच ठेवून तो परत चढवणं शहाणपणाचं नाही. स्ट्रट (स्प्रिंग आणि तिचे हेलकावे आवरणारा शॉक एकत्र असलेला खांब) खाली आला असेल, तर टॉप माउंट (त्याची वरची बैठक), बंप स्टॉप (शॉक पुरता दबू न देणारं रबर) आणि धुळीचं रबर त्याच वेळी बदला. मेहनत तीच, अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणं) एकदाच करावं लागतं.

पण ‘उघडलंच आहे तर’ या तीन शब्दांनी जितक्या जुन्या गाड्या कायमच्या स्टँडवर उभ्या केल्या, तितक्या गंजानेही केल्या नसतील. मी स्वतःपुरता एक नियम पाळतो. हातात आलेला भाग झिजला असेल तर बदलायचा, चांगला असेल तर पुसून परत लावायचा, आणि ज्याला हात लावायची गरजच पडली नाही त्याच्याकडे बघायचंही नाही.

माझी गाडी फार मऊ झाली आहे, वळणावर झुकते. कडक स्प्रिंग घालू का?

थांबा. गाडी मऊ झालेली नाही, थकली आहे. आपल्यापैकी बहुतेक जण अशा गाडीचे तिसरे-चौथे मालक असतो. ती कारखान्यातून निघाली तेव्हा कशी चालायची हे आपण अनुभवलेलंच नसतं, म्हणून आज जशी आहे तशीच ती मुळात होती असं आपण धरून चालतो.

वयाने काय काय होतं ते वेगवेगळं बघा. शॉकमधलं तेल आणि व्हॉल्व्ह कमजोर होतात, सील गळतात. रबराचे बुश कडक होतात, चिरतात, लोखंडापासून सुटतात. स्प्रिंग मात्र वेगळी. वर्षांनी ती बसते, म्हणजे गाडीची उंची कमी होते, पण तिचा कडकपणा जवळजवळ तेवढाच राहतो, कारण पोलादाची लवचिकता वयाने बदलत नाही. तुटली किंवा गंजून तार बारीक झाली तर गोष्ट निराळी.

लांबलचक वळणावर गाडी शेवटी किती झुकते, हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या बाजू जोडून झुकाव रोखणारी दांडी) ठरवतात. त्या झुकावापर्यंत ती किती पटकन पोचते, हे शॉकच्या हातात असतं. स्टिअरिंग फिरवताच गाडी भसकन कलत असेल, तर दोष बहुतेक शॉकचा. तिथे कडक स्प्रिंग घालणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. वर कडक स्प्रिंगला आवरायला आणखी दमदार शॉक लागतो, तो तर आधीच मेलेला.

कोणता भाग गेलाय ते ओळखायचं कसं?

बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते बघण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पार मेलेला शॉक तिच्यात सापडतो, अर्धमेला नाही. शॉकवर तेलाचा पातळ, धुळकट थर असेल तर घाबरू नका. ओघळ दिसला तर बदला.

आवाजावरून बरंच कळतं. बारीक खडबडीवर कोरडी टकटक असेल तर आधी लिंक रॉड (अँटी-रोल बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) बघा, मग टॉप माउंट. ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच जड ‘धप्’ ऐकू आला, तर लोअर आर्मच्या मागच्या बुशवर संशय घ्या. ब्रेक मारल्यावर गाडी स्वतःच्या मनाने एकीकडे वळते, तिथेही बऱ्याचदा हाच बुश असतो. आर्म आणि सबफ्रेम (आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) यांच्या फटीत पहार घालून हलकेच ढकललं की रबर कुठे सुटलंय ते उघड दिसतं. टायरवर हात फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे लागले तर शॉक उडी आवरत नाही. आतली कडच तेवढी झिजली असेल तर टो (वरून बघता चाकाचा कोन) किंवा कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) बिघडलाय.

यानंतरची तपासणी लोक टाळतात, आणि खरी महत्त्वाची तीच आहे. टॉर्च घ्या आणि पत्रा बघा. स्प्रिंगची बैठक, स्ट्रटचा टॉवर, सबफ्रेम जिथे बॉडीला जोडली आहे त्या जागा. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ मालिकेत मागच्या सबफ्रेमच्या माउंटिंगपाशी गाडीचा तळच चिरतो, हे त्या गाड्यांच्या मालकांना चांगलं ठाऊक असतं. अशा चिरलेल्या तळावर कडक बुश आणि जाड बार चढवले की चीर वाढणारच. आधी वेल्डिंग आणि मजबुतीच्या पट्ट्या, मग बाकीचं.

बुश रबरचे घालू की पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकचे)?

या प्रश्नावर दोन मित्रांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

रबरी बुश हा नुसता गादीचा तुकडा नाही. बहुतेक बुशांत रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीही घासत नाही, रबर पिळलं जातं. त्याला तिरकंही वाकता येतं. पॉलियुरेथेनचा बुश मधल्या नळीवर घासत फिरतो. म्हणून त्याला ग्रीस लागतं, आणि ते सुकलं की जुन्या दारासारखी करकर सुरू होते.

आर्म एकाच अक्षावर फिरत असेल तर पॉलियुरेथेन ठीक. पण मागच्या बाजूचे कित्येक आर्म वर जाताना थोडे पिळलेही जातात. तिथे कडक बुश त्यांना अडवतो. सस्पेन्शन अडकून अडकून चालतं, आणि सगळा जोर आर्मवर किंवा पत्र्यावर येतो.

शिवाय काही ठिकाणी रबराचं लवणं मुद्दाम ठेवलेलं असतं. १९७७ साली आलेल्या पोर्शे ९२८ चा मागचा ‘वाइसाख’ अ‍ॅक्सल बघा. भर वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची चाकं बाहेरच्या दिशेने तोंड फिरवतात आणि गाडीची शेपूट सुटते, हा त्या काळच्या गाड्यांचा जुना रोग. त्या अ‍ॅक्सलची रचनाच अशी की तोच जोर चाकाला उलट किंचित आत वळवतो. असल्या मांडणीत सरसकट कडक बुश ठोकले, तर मूळ अभियंत्यांनी घेतलेले कष्ट आपण हाताने पुसले.

मी काय करतो? अँटी-रोल बारच्या क्लॅम्पमध्ये पॉलियुरेथेन. पुढच्या लोअर आर्मच्या मागच्या बुशला जरा कडक रबर मिळत असेल तर ते. बाकी सगळीकडे नवं, मूळ दर्जाचं रबर. रोज चालवायची गाडी एवढ्यानेच इतकी बदलते की पुढच्या यादीतल्या निम्म्या वस्तू आपोआप गळून पडतात.

नवे बुश आठ महिन्यांत फाटले. माल खोटा होता का?

असेलही. पण आधी सांगा, बोल्ट आवळले तेव्हा चाकं हवेत लोंबकळत होती का?

मी हेच केलं होतं. गाडी स्टँडवर, आर्म खाली लटकलेले, आणि मी मन लावून एकेक बोल्ट टॉर्क रेंचने पुरता आवळला. रबर नळीला चिकटलेलं असल्यामुळे बोल्ट आवळला त्या स्थितीत ते ‘सरळ’ होतं. गाडी खाली उतरवताच सगळे बुश पिळले गेले आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहिले. काही महिन्यांत चिरा. त्या बुशांना मी भरपूर शिव्या दिल्या, चूक माझी होती.

बोल्ट आधी हाताने बसवायचे. गाडीचं वजन चाकांवर आलं, किंवा हबखाली (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाखाली) जॅक लावून आर्म नेहमीच्या उंचीला आणला, की मगच पुरते आवळायचे. गाडीची उंची नंतर बदललीत, तर हेच बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळा.

स्प्रिंग किती कडक घ्यावी? डब्यावरच्या आकड्याचा अर्थ काय?

डब्यावरचा आकडा स्प्रिंगचा असतो, चाकाचा नसतो. चाक १० मिलिमीटर वर गेलं तेव्हा स्प्रिंग किती दबली, ते गुणोत्तर महत्त्वाचं, आणि त्याचा वर्ग घ्यावा लागतो. समजा दोन गाड्यांत ३० न्यूटन प्रति मिलिमीटरची एकच स्प्रिंग आहे. स्ट्रटच्या गाडीत गुणोत्तर ०.९५ असेल, तर चाकापाशी सुमारे २७ मिळतात. दुसरीत स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसली असून गुणोत्तर ०.७ असेल, तर उरतात १४.७. मित्राच्या गाडीतला आकडा आपल्या गाडीला का लावू नये, ते यात आलं.

आता त्या कोपऱ्यावर ३०० किलो वजन धरा. पहिली गाडी सेकंदाला सुमारे १.५ वेळा हेलकावेल, दुसरी १.१ वेळा. साध्या प्रवासी गाड्या ढोबळमानाने १ ते १.५ च्या दरम्यान असतात, रस्त्यावरच्या चपळ गाड्या दीडच्या आसपास किंवा थोड्या वर. २ च्या पुढे गेलात की गुळगुळीत ट्रॅक सोडून सगळीकडे कंबर बोलायला लागते, आणि खडबडीवर टायर जमिनीवर कमी, हवेत जास्त राहतो. कडक म्हणजे वेगवान, हे समीकरण तिथे उलटं होतं.

स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी ही वारंवारता दुप्पट होत नाही, १.४ पट होते. उलट तार मात्र फार तिखट असते. बाकी मापं तीच ठेवून ती १० टक्के जाड केली की कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी चढतो.

गाडी किती खाली घेता येईल?

दिसायला छान वाटते तिच्यापेक्षा बरीच कमी.

मॅकफर्सन स्ट्रटची (चाकाला वरून स्ट्रटच धरतो अशी) गाडी खाली घेतली की लोअर आर्मचा कल बदलतो. त्याचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं, की दोन गोष्टी बिघडतात. वळणात स्ट्रट दबताना चाकाला मिळणारा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) कमी होत होत उलटा फिरतो. आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर, गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोन्हींतलं अंतर वाढतं, म्हणजेच कलवणारी तरफ लांब होते. खाली घेतलेली गाडी जास्त झुकू पाहते, हे ऐकून लोक हसतात, पण भूमिती तशीच आहे. टाय रॉडचा (स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणाऱ्या दांडीचा) कोनही बदलतो, मग खड्ड्यात चाक उडालं की स्टिअरिंग स्वतःहून हलतं.

याशिवाय शॉकची दबण्याची जागा घटते आणि गाडी बंप स्टॉपवर बसून चालते. ‘स्प्रिंग फार कडक आहे’ अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा बंप स्टॉप आधी तपासावा.

रस्त्यावर १५ ते २५ मिलिमीटर हा माझा पल्ला. त्याहून खाली जायचंच असेल तर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडची उंची दुरुस्त करणारे भागही त्याच यादीत धरा. पोर्शे ९४४ सारख्या गाडीत मागे कॉइल स्प्रिंग नसून टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असतो. तिथे उंची मोठ्या प्रमाणात बदलायची तर बार काढून दातांवर नव्याने बसवावा लागतो. अख्खा दिवस राखून ठेवा.

खाली घेणाऱ्या स्प्रिंग आहेत, शॉक जुनेच ठेवले तर चालेल?

मी ठेवले होते. तीन महिन्यांनी गाडी दुसऱ्यांदा उघडली.

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच) चांगले की नेमकी स्प्रिंग आणि चांगला शॉक?

उंची वारंवार बदलणार असाल, कोपऱ्यांवरचं वजन तोलून घेणार असाल, ट्रॅकवर जाणार असाल, तर कॉइलओव्हर. नाहीतर जुळवलेली स्प्रिंग-शॉकची जोडी. कॉइलओव्हरवर केलेला बहुतेक खर्च उंची बदलण्याच्या सोयीचा असतो, आणि मालक ती उंची एकदाच लावतो. नंतर आट्यांत माती-पाणी शिरतं आणि रिंग जागची हलत नाही.

स्प्रिंगची खालची रिंग फिरवून ‘प्रीलोड’ वाढवला की स्प्रिंग कडक होते, असा एक पक्का समज आहे. सरळ दराची (दबताना कडकपणा न बदलणारी) स्प्रिंग तशी कडक होत नाही. गाडीची उंची वाढते आणि चाक खाली सुटण्याची जागा घटते, एवढंच. उंची शॉकच्या खालच्या नळीवरून बदलता येत असेल, तर शॉकचा पल्ला शाबूत राहतो. घेण्याआधी हे विचारा.

शॉक सिंगल-ट्यूब घ्यायचा की ट्विन-ट्यूब, यावर डोकं फार शिणवू नका. सिंगल-ट्यूबमध्ये जास्त दाबाचा गॅस तरंगत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे तेल फेसाळत नाही आणि तापलं तरी पकड टिकते. मात्र बाहेरची नळी दगडाने चेपली तर पिस्टन तिथेच अडकतो. ट्विन-ट्यूब हा मार सोसतो आणि लहान खडबडीवर बहुधा जास्त सौम्य वागतो. सुबारूच्या एसटीआयसारखे उलटे बसवलेले स्ट्रट असतील आणि टकटक ऐकू येत असेल, तर नवे मागवण्याआधी आत ग्रीस भरून बघा.

जाड अँटी-रोल बार घालावा का?

माझ्या मते हा सगळ्यात स्वस्तात दिसणारा फरक आहे, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त बिघडवलेला. पिळाचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० चा भरीव बार काढून २२ चा घातला तर सुमारे ४६ टक्के वाढ. कागदावर दोनच मिलिमीटर दिसतात.

ज्या टोकाला बार कडक केला, त्या टोकाची पकड वळणात आधी सुटते. नाक बाहेर घालणाऱ्या फ्रंट-व्हील ड्राइव्हला मागचा बार वाढवून जाग येते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या दमदार गाडीत तोच बार वाढवला आणि साधा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअर) असला, तर वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरत राहतं. ओल्या रस्त्यावर तर शेपूटच पुढे येते. एका वेळी एकच टोक बदला. बारचे कंसही पाहा. वीस वर्षं जुना पत्र्याचा कंस नव्या बारचा जोर सोसत नाही.

एकाच बाजूचा शॉक गळतोय. एकच बदलू?

नाही. जोडीनेच.

हे काम घरी करता येईल?

बुश, लिंक रॉड, बार, सुटा शॉक, होय. दबलेल्या स्प्रिंगला मात्र वचकून राहा. स्ट्रटच्या वरचा मधला नट स्प्रिंग, कॉम्प्रेसरने (ती दाबून धरणाऱ्या अवजाराने) पुरती आवळल्याशिवाय सैल करायचा नाही, आणि गाडीवर असताना तर नाहीच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते, जीवही जातो. कॉम्प्रेसरचे हूक घसरत असतील तर मोकळे स्ट्रट उचलून गॅरेजमध्ये न्या आणि तेवढंच काम करून आणा. त्यात कसला कमीपणा नाही.

गाडी जॅकवर सोडून खाली शिरू नका, स्टँड लावा. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. अ‍ॅडजस्ट करायच्या एक्सेंट्रिक (मध्य सरकलेल्या) बोल्टवर सोडण्याआधी खूण करा. ते बोल्ट बुशच्या नळीत जाम झालेले असतात, म्हणून दोन दिवस आधीपासून तेल सोडत राहा आणि नवे बोल्ट आधीच आणून ठेवा. एकदाच ताणायचे बोल्ट पुन्हा वापरू नका.

अलाइनमेंट कधी करायचं, आणि आकडे कोणते?

सुरुवातीला गॅरेजपर्यंत सरळ जाता येईल एवढं. पक्कं अलाइनमेंट काहीशे किलोमीटरनंतर, स्प्रिंग बसल्यावर. त्याआधी चारही कोपऱ्यांची उंची हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजली तर टायरची हवा आणि झीज मध्ये येते.

रस्त्यासाठी पुढे निगेटिव्ह कॅम्बर १ ते दीड अंश, टो शून्याच्या आसपास, मागे थोडासा टो-इन (चाकांची पुढची कड किंचित आत), इथून बहुतेक गाड्यांत सुरुवात करता येते. टायर कॅम्बरपेक्षा टो जास्त वेगाने खातो. एकटेच चालवत असाल तर सीटवर आपल्या वजनाइतकी पोती ठेवून माप घ्यायला सांगा. ऑपरेटर विचित्र नजरेने बघेल, बघू दे. उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही लावून घ्या.

डॅम्परच्या (म्हणजे शॉकच्या) खुंटीवर किती क्लिक ठेवू?

खुंटी एकच असेल तर ती काय बदलते ते आधी वाचा. कोनीच्या पिवळ्या शॉकमध्ये फक्त रिबाउंड, म्हणजे शॉक उघडतानाची पकड बदलते, दबतानाची नाही. पूर्ण कडकपासून मागे मोजत मध्यावर या, नेहमीच्या त्याच रस्त्यावर त्याच वेगाने फिरा, दोन क्लिक बदला, परत फिरा. रिबाउंड फार कडक झाला तर लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी उघडायलाच विसरते आणि हळूहळू खाली बसत जाते. ती खूण ओळखता आली की दोन पावलं मागे या.

टायर जुनेच आहेत, चालतील?

नक्षी शिल्लक आहे म्हणून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचं लाकडासारखं रबर कुठल्याही शॉकने मऊ होत नाही. खर्चात कपात करायचीच असेल तर बारमध्ये करा, टायरमध्ये नको.

सगळं नवं केलं, तरी पुढून टकटक येतेच आहे. आता काय?

लिंक रॉडचे नट गाडीच्या वजनावर तपासा. टॉप माउंटचा नट बघा. बारच्या क्लॅम्पला ग्रीस लावा. ब्रेक पॅडची क्लिप बघा. इंजिनची माउंटिंग बघा. इतकं करूनही आवाज तसाच असेल, तर बॉनेट उघडून काचेखालच्या खळग्यात हात घाला. माझा १७ चा पान्हा चार आठवडे तिथेच होता, आणि तोवर मी एक लिंक रॉड फुकट बदलून बसलो होतो.